नेकी-बदीचा हिशेब आणि ‘सखाराम बाइंडर’

माणूस हा नेकी आणि बदीचा पुतळा आहे, असे आपण सहज बोलून जातो. पण कथा-नाटक वाचायला बसलो की आपल्याला एक नेक माणूस आणि एक बद माणूस असे दोन वेगळे इसम हवे असतात. आपली ही सोय मोडणारे नाटक म्हणजे विजय तेंडुलकरांचे ‘सखाराम बाइंडर’ (१९७२). तेंडुलकर मुंबई उपनगरातल्या विलेपार्ल्याचे रहिवासी होते. कमलाकर सारंगांनी बसवलेले हे नाटक निळू फुले आणि लालन सारंग यांनी गाजवले. सेन्सॉरशी झालेला वाद मुंबई उच्च न्यायालयात गेला आणि निकाल नाटकाच्या बाजूने लागला. मात्र त्या गदारोळात मुस्लिम वाचकाच्या जिव्हाळ्याचा एक प्रश्न मागे पडला. तो प्रश्न सखारामच्या दोस्ताचा, दाऊद मियांचा आहे.

सखाराम नवऱ्यांनी टाकलेल्या बायका घरी आणून ठेवतो. त्यांना छप्पर देतो, दोन वेळचे जेवण देतो आणि त्याची पुरेपूर वसुलीही करतो. लक्ष्मी ही त्यातली सातवी. घरात गणपती बसतो, आरती सुरू होते आणि दाऊद तीत सूर मिसळतो. मुसलमानाने आरती म्हणू नये, असा लक्ष्मीचा हट्ट. दाऊदने आरती म्हणावी की नाही, हा आपल्या अकीद्याचा प्रश्न वेगळा. लक्ष्मीला तो पडलेला नाही. तिला दाऊद तिथे नको आहे. सखाराम दोस्ताची बाजू घेतो आणि लक्ष्मीला पट्ट्याने फोडून काढतो. इथे वाचकाची पंचाईत होते. दाऊदची इज्जत राखणारा हात आणि निराधार बाईवर उठणारा हात एकच आहे. या हाताला नेक म्हणावे की बद?

कुरआनातील सूरह शम्सच्या सातव्या-आठव्या आयतींत नफ्सला बदी आणि परहेजगारी या दोहोंची जाण दिल्याचे सांगितले आहे. नफ्सच्या तीन अवस्था आपल्या परिचयाच्या आहेत. वाईटाकडे ओढणारी अम्मारा, स्वतःला दोष देणारी लव्वामा आणि शांत झालेली मुतमइन्ना. या कसोटीवर लक्ष्मी पाहावी. ती देवभोळी आहे, मुंगीशीसुद्धा मायेने बोलते. तिला पुन्हा आसरा मिळतो तो चंपामुळे. ही चंपा तोंडाची फटकळ, दारू पिणारी, जगाच्या लेखी बदनाम. पण दार उघडते ती चंपाच. पुढे स्वतःवर घराबाहेर पडण्याची वेळ येताच लक्ष्मी चंपा आणि दाऊद यांचा संबंध सखारामच्या कानावर घालते. सखाराम चंपाचा गळा दाबतो. त्यानंतर तो सैरभैर होतो, पण लक्ष्मी डगमगत नाही. प्रेत पुरण्यासाठी तीच पुढे होते. आपले पुण्य पाठीशी आहे, याची तिला खात्री आहे. तिच्यात दया आहे, भक्ती आहे, पण लव्वामा गप्प आहे. नेकीचा गर्व झाला की आतली टोचणी थांबते आणि मग माणूस कुठवर जाईल याचा नेम राहत नाही, हे या नाटकाचे सर्वांत भेदक सांगणे आहे.

आता दाऊद. मराठी रंगभूमीवर आणि सिनेमात मुसलमान बहुधा दोनच रूपांत भेटत आला. एक तर जीव ओवाळून टाकणारा चाचा, नाही तर सुरा घेतलेला गुंड. दाऊद दोन्ही नाही. तो सखारामचा खरा दोस्त आहे आणि दोस्ताच्या पाठीमागे त्याच्याच घरातल्या बाईशी संबंध ठेवणाराही आहे. यात आपली बदनामी झाली, असे काहींना वाटेल. मला उलट वाटते. ज्याला गुन्हा करण्याची मुभा नाही, तो माणूस नसतो, नमुना असतो. तेंडुलकरांनी दाऊदला सखारामइतकाच कच्चा ठेवला. ही बरोबरी मला मोलाची वाटते.

तरी नाटकात एक उणीव राहतेच. नाटक सखारामच्या घराबाहेर जात नाही, म्हणून दाऊदचे घर आपल्याला दिसत नाही. दोस्ताचा विश्वास मोडून घरी परतल्यावर तो अम्मी-अब्बांसमोर, बिरादरीसमोर, अल्लाहसमोर कसा उभा राहिला असेल? त्याची लव्वामा त्याच्याशी काय बोलली असेल? ते लिहिणे तेंडुलकरांचे काम नव्हते. ते आपले आहे. हमीद दलवाईंच्या ‘इंधन’ने (१९६५) कोकणातले मुस्लिम घर आतून, त्याच्या दोषांसह दाखवले होते. दलवाईंच्या मतांशी आपले जमो वा न जमो, त्या कादंबरीतली माणसे माणसेच आहेत.

आपल्या आजच्या कथा-कवितांत अन्याय सोसणारा मुसलमान पुष्कळ आहे, आणि ते सोसणे खरे आहे. पण सोसणाराही कधी कुणावर हात उगारतो, कुणाचा हक्क मारतो. आपल्या लेखकांनी त्याची वकिली थोडी कमी करावी आणि त्याचे मन थोडे अधिक वाचावे. दाऊदची गोष्ट अजून लिहायची राहिली आहे.