खिडकीबाहेरचा आवाज : केट बुशची पहिली ध्वनिमुद्रिका

केट बुशच्या ‘द किक इनसाइड’ (1978) या पहिल्या अल्बमविषयीची चर्चा बहुधा तिच्या उंच, टोकदार आवाजापाशी सुरू होते आणि तिथेच संपते. कुणाला तो विलक्षण वाटतो, कुणाला कृत्रिम. माझ्या मते तो आवाज गायिकेचा म्हणून ऐकणेच चुकीचे आहे. तो पात्राचा आवाज आहे. हे मान्य केले की या 13 गाण्यांकडे वाङ्मय म्हणून पाहावे लागते.

पॉप संगीतात अल्बमच्या आधी एखादे गाणे ‘सिंगल’ म्हणून स्वतंत्रपणे बाजारात येते. नव्या गायिकेची पहिली ओळख त्यावरून ठरते. ईएमआय कंपनीचा कल ‘जेम्स अँड द कोल्ड गन’ या रॉक वळणाच्या गाण्याकडे होता. 19 वर्षांच्या बुशने ‘वदरिंग हाइट्स’चा हट्ट धरला. जानेवारी 1978मध्ये ते आले आणि मार्चमध्ये ब्रिटनच्या यादीत अग्रस्थानी पोहोचून चार आठवडे तिथे राहिले. स्वतः लिहिलेल्या गाण्याने तिथवर गेलेली ती पहिली स्त्री.

एमिली ब्राँटेची ही कादंबरी (1847) आपल्याला लॉकवुड आणि नेली डीन सांगतात. कॅथरीनची कथा तिच्या तोंडून सलग कधीच येत नाही. तिसऱ्या प्रकरणात तिचे भूत खिडकीशी येते, पण आत झोपलेला असतो तो परका लॉकवुड. नंतर हीथक्लिफ खिडकी उघडून आर्त हाका मारतो, तेव्हा बाहेर कुणी नसते. ही चुकामूक कादंबरीच्या काळजात आहे. बुशच्या गाण्यात निवेदक उरत नाहीत. कॅथरीन थेट हीथक्लिफशी बोलते. कादंबरीने नाकारलेली भेट गाणे मागते. म्हणूनच तो स्वर माणसाच्या नेहमीच्या पट्टीबाहेरचा असावा लागतो. ब्राउनिंगच्या एकभाषितांवरून दिवाकरांनी मराठीत नाट्यछटा आणली. त्या प्रकाराशी परिचित वाचकाला ही रीत अनोळखी वाटू नये : बोलणारा एक, ऐकणारा अदृश्य आणि सारा प्रसंग बोलण्यातूनच उभा राहणारा.

आवाज ही भूमिका आहे, याचा पुरावा पुढच्याच ब्रिटिश सिंगलमध्ये मिळतो. ‘द मॅन विथ द चाइल्ड इन हिज आइज’ हे गाणे बुशच्या वयाच्या सोळाव्या वर्षी, 1975मध्ये ध्वनिमुद्रित झाले होते. वाद्यवृंदाच्या साथीने येणारा तिथला स्वर मऊ, जवळचा, जवळजवळ कुजबुजता आहे. म्हणजे तो ‘भुताचा’ आवाज येण्यापूर्वीच हा संयत आवाज तिच्याजवळ होता. पहिला स्वर तिने निवडून घेतला.

शेवटच्या शीर्षकगीतात हीच रीत अधिक धाडसाने येते. त्याचा आधार ‘लिझी वॉन’ हे जुने लोकगीत आहे. त्यात भावापासून गरोदर राहिलेल्या बहिणीला भाऊ ठार मारतो. बुशच्या गाण्यात बहीण स्वतः जीव देते आणि जाण्यापूर्वी त्याच्याशी बोलते. दोन्ही ठिकाणी दुसऱ्यांच्या कथनात अडकलेल्या स्त्रीच्या हाती निवेदन येते. मात्र शेवट टळत नाही. कॅथरीनला दार उघडल्याचे आपल्याला ऐकू येत नाही आणि बहीणही वाचत नाही. बोलता येणे म्हणजे सुटका, असा सोपा दिलासा या गाण्यांत नाही.

सगळी गाणी या उंचीची नाहीत. ‘रूम फॉर द लाइफ’मध्ये पात्र विरते आणि उपदेश उरतो, तिथे तोच आवाज पातळ भासतो. 1986च्या संकलनासाठी बुशने ‘वदरिंग हाइट्स’ पुन्हा गायले. तो स्वर अधिक भरीव आणि सुरक्षित आहे, पण ती कॅथरीन घरात पोहोचल्यासारखी वाटते. 1978ची अजून बाहेर थंडीत आहे आणि गाण्याला तीच हवी.