यंत्रशिपाई हुकूम मोडेल का?

मंडळी, वेड पांघरून पेडगावला जायची म्हण ज्या पेडगावाची सांगतात ते नगरकडचं, भीमेकाठचं. आपलं परभणीचं. पण आजचा विषय ऐकून कुणी म्हणेल, वेड इथंही पोचलं! विषय आहे टेबलावरच्या लढाया, त्यांतले बोटाच्या दोन पेरांएवढे यंत्रशिपाई आणि 'तसं झालं असतं तर'चा इतिहास.

आम्ही या नादाला लागलो ते जयंत नारळीकरांच्या 'गंगाधरपंतांचे पानिपत'मुळे. पानिपतात विश्वासरावांना लागलेली गोळी त्या कथेत कानाजवळून निसटते, मराठे जिंकतात. बदल एवढासाच, पण नारळीकर त्याचा माग मुंबईच्या रेल्वे स्टेशनापर्यंत काढतात. आमची कसोटी तीच: एक गोष्ट बदलली ना, मग तिच्यामुळे आणखी काय काय बदलेल तेही दाखवा.

आता २०१६ साली आलेला 'कॉन्फ्लिक्ट '४७' हा खेळ घ्या. दुसरं महायुद्ध १९४७ उजाडलं तरी चालूच आहे, आणि ब्रिटिशांकडे यंत्रांचं पायदळ आहे. बाहुल्या देखण्या. जोडायच्या, रंगवायच्या, कपाटात मांडायच्या. आमचा त्यावर बराच पैसा गेलाय, घरचे ऐकत असतील तर माफ करा. खेळाचा पाया 'बोल्ट ॲक्शन'चा. त्यात मारा झाला की तुकडीवर खुणा साठत जातात आणि ती हुकूम पाळेल की नाही, ते फाशांवर ठरतं. हा नियम आम्हाला फार आवडतो. शिपाई म्हणजे सोंगटी नव्हे, हे तो विसरू देत नाही.

पण यातला शिपाई हुकूम मोडतो तो फक्त भीतीनं. आमची तक्रार इथं आहे.

१८ फेब्रुवारी १९४६ ला मुंबईत 'तलवार' या नाविक तळावरच्या खलाशांनी काम थांबवलं. कारण काय? निकृष्ट जेवण आणि गोऱ्या अधिकाऱ्याची शिवीगाळ. समोर शत्रू नव्हता, गोळीबार नव्हता. बघता बघता सुमारे २० हजार खलाशी त्यात उतरले. महायुद्धात २५ लाखांवर गेलेल्या हिंदी फौजेवर यापुढे विसंबता येणार नाही, हेही इंग्रजांच्या जाण्यामागचं एक कारण मानलं जातं.

मग सांगा, इंग्रजांच्या हाती न जेवणारं, शिवी न लागणारं पायदळ असतं तर? १९४७ चं काय झालं असतं? खरा 'तर' हा आहे, आणि आम्ही खेळलो त्या लढायांत तो कुठंच भेटला नाही. तोफा बदलल्या, चिलखतं बदलली, राज्य कुणाच्या जिवावर चालतं हे मात्र कुणी विचारलं नाही. आपल्या पेडगावाला तर १९४७ ची ऑगस्टही लाभली नव्हती. इथं निजामाचा अंमल १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत होता. 'स्वातंत्र्य मिळालंच नसतं तर' हे इथल्या म्हाताऱ्या माणसांनी वर्षभर जगून पाहिलंय, त्यांना टेबल लागत नाही.

खेळू नका असं आम्ही म्हणत नाही. आम्ही खेळतो, पण एक घरगुती नियम घालून. दिवाळीच्या किल्ल्यावरचे मावळे आम्ही खलाशी म्हणून घेतो, इंग्रजांच्याच बाजूनं. दर फेरीला त्यांच्या जेवणाचा हिशोब ठेवायचा. दोनदा चुकला की फासा टाकायचा. कमी पडला तर ते जागेवरच बसतात, आणि त्यांना हटवायला यंत्रशिपाई धाडायचे की नाही, हे इंग्रजांकडून खेळणाऱ्यानं ठरवायचं. गेल्या खेपेला आमचा एक मित्र या जागी पाऊण तास अडला होता. मांडणी मागच्या खोलीत तशीच आहे, चहा झाला की या.