पावणेदोन भागिले अर्धा : शिक्षकाचे गणित आणि शिक्षकाची भाषा

प्राथमिक शिक्षक होऊ पाहणाऱ्यांस महाविद्यालयात कोणते गणित शिकवावे, या प्रश्नाची चर्चा लिपिंग मा यांच्या १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या 'नोइंग अँड टीचिंग एलिमेंटरी मॅथमॅटिक्स' या ग्रंथाचा परामर्श घेतल्यावाचून पुरी होत नाही. २३ अमेरिकी व ७२ चिनी शिक्षकांच्या मुलाखतींची तुलना हा या ग्रंथाचा गाभा होय. त्यातील एक प्रश्न असा : पावणेदोनास अर्ध्याने भागा, आणि या भागाकारास साजेसे व्यवहारी उदाहरण रचा. चिनी शिक्षकांपैकी सर्वांचे उत्तर बरोबर आले. अमेरिकी शिक्षकांपैकी केवळ ९ जणांचे. अर्थास धरून असलेले उदाहरण तर त्यांच्यापैकी एकासच सुचले. वस्तुतः चिनी शिक्षकांचे औपचारिक शिक्षण अकरा-बारा वर्षांचेच होते. तात्पर्य, वरच्या इयत्तेचे गणित शिकल्याने खालच्या इयत्तेचे उमजतेच असे नाही. साध्या गणितासही स्वतःची खोली असते, हा ग्रंथकर्त्रीचा सिद्धान्त निःसंशय मान्य करावा लागतो.

तथापि ज्या शब्दांतून हे गणित शिकविले जाते, त्या शब्दांचा विचार ग्रंथात अपुरा वाटतो. वजाबाकीच्या प्रकरणात 'उसने घेणे' या अर्थाच्या इंग्रजी संज्ञेची मार्मिक चिकित्सा आहे. परंतु भाषेस स्वतंत्र प्रकरण नाही. अनेक अमेरिकी शिक्षकांनी अर्ध्याने भागण्याऐवजी दोहोंनी भागले. मराठीतही 'अर्ध्याने भागणे' आणि 'अर्धे करणे' यांत अंतर थोडे, पण उत्तरांत चौपट फरक पडतो.

उलटपक्षी भाषा साहाय्यही करते. 'पावणेदोन' म्हणजे पावाने उणे दोन. दोहोंत अर्धे चार; पाव म्हणजे अर्ध्याचा अर्धा; तो वजा जाता अर्धे उरतात साडेतीन. छेद-अंश उलटे न करता उत्तर आले, आणि ते का आले हेही कळले. हा मार्ग शब्दातच दडलेला आहे. तो शिक्षकास दिसला पाहिजे.

संख्यानामांचेही तसेच. 'एकवीस' या शब्दात एकक आधी, तर २१ या लेखनात दशक आधी. 'एकोणनव्वद' नव्वदांतून एक उणा करतो. 'नव्व्याण्णव' मात्र नव्वदांत नऊ मिळवितो. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'वीस एक' अशी वाचनाची रीत आली, तेव्हा मोठा वाद माजला. परंपरा की सुलभता, एवढ्यावरच तो अडावयास नको होता. शब्द कोणतेही ठेवा. त्यांची घडण उकलून दाखविणारा शिक्षक नसेल, तर दोन्ही रीती पाठांतराच्याच.

म्हणून शिक्षकांच्या गणिताच्या अभ्यासक्रमात संख्यावाचक शब्दांच्या रचनेस नियत स्थान असावे. ते भाषाशास्त्राचे अतिक्रमण नव्हे. वर्गात मुलाच्या कानी गणित पडते, ते प्रथम शब्दरूपानेच.