शीख हस्तलिखितांचे सुशोभन

शीख धर्मग्रंथाच्या हस्तलिखित प्रतींतील आणि नित्यपाठाच्या गुटक्यांतील (लहान प्रार्थनापोथ्यांतील) अलंकरणकला. आदिग्रंथ गुरू अर्जुनदेवांनी १६०४ मध्ये सिद्ध केला. शीख परंपरेनुसार गुरू गोविंदसिंगांनी १७०८ मध्ये नांदेड येथे देहधारी गुरूंची परंपरा संपवून ग्रंथासच गुरुपद दिले. त्यामुळे प्रत सजविणे ही गुरुसेवाच ठरली.

यूरोपीय प्रार्थनापोथ्यांत, उदा., लिंबर्ग बंधूंनी पंधराव्या शतकाच्या आरंभी बेरीच्या ड्यूकसाठी सजविलेल्या पोथीत, चित्रे मजकुराइतकीच बोलकी आहेत. जैन कल्पसूत्राच्या प्रतींतही प्रसंगचित्रे असतात. शीख प्रतींत गुरूंची चित्रे क्वचित आढळतात. परंतु कुराणाच्या प्रतींप्रमाणे येथेही प्राधान्य अक्षराला आहे. गुरूंच्या हस्ताक्षरातील मूलमंत्राचे पान (निशाण) प्रतीच्या आरंभी वेलबुट्टीच्या चौकटीत बसवीत. मूर्तीला प्रभावळ असावी, तशी ही चौकट होय.

गुरुमुखी मजकूर शब्द न तोडता सलग लिहिला जाई. या दाट ओळींभोवतीच्या रंगीत समासरेषा आणि रागांच्या आरंभीची नक्षी केवळ शोभेची नाही. ती वाचकाच्या दृष्टीला विसावा देते व ग्रंथाची रागवार रचना स्पष्ट करते. एकोणिसाव्या शतकात पंजाबात काश्मीरी कलावंतांनी सोनेरी व निळ्या रंगांची समृद्ध शैली रूढ केली. तिचे कौशल्य निर्विवाद असले, तरी काही पानांत नक्षीच्या भाराखाली अक्षर दबते. संयत प्रती अधिक सरस वाटतात, त्या याच कारणाने.

मराठवाड्याचे या ग्रंथाशी असलेले नाते दुहेरी आहे. त्यात नामदेवांची ६१ पदे असून त्यांचे परंपरागत जन्मस्थान नरसी (जि. हिंगोली) नांदेडपासून फार दूर नाही. नांदेडच्या सचखंड हुजूर साहिब येथे (बांधकाम १८३२–३७) गुरू ग्रंथसाहिबासोबत दसम ग्रंथाचीही प्रतिष्ठापना आहे.

शिळामुद्रणाच्या प्रसारानंतर ही कला मागे पडली. जीर्ण प्रतींना अग्नी देण्याच्या रूढीमुळे अनेक जुनी हस्तलिखिते नष्ट झाली. ही रूढी ग्रंथाला देहधारी गुरूप्रमाणे मानण्याच्या श्रद्धेतूनच आली असल्याने तिला केवळ अनास्था म्हणता येत नाही. तथापि त्या प्रतीबरोबर तिची नक्षीही कायमची जाते. चंदीगढ येथील पंजाब डिजिटल लायब्ररीने २००३ पासून आरंभिलेले अंकीकरण म्हणूनच मोलाचे आहे.