चरबी उपसून काय साधते?

लासूर स्टेशन हे मनमाड ते छत्रपती संभाजीनगर या लोहमार्गावरचे, कांद्याच्या बाजारासाठी ओळखले जाणारे गाव. अशा गावात ‘लायपोसक्शन’ हा शब्द डॉक्टरांच्या तोंडून येण्याआधी जाहिरातीतून पोचतो. दोन छायाचित्रे शेजारीशेजारी, एकावर ‘आधी’, दुसऱ्यावर ‘नंतर’. वर्गात जिला ‘जाडी’ म्हणून चिडवतात ती मुलगी हे चित्र फार लक्षपूर्वक पाहते. म्हणून या जाहिरातींचे परीक्षण विज्ञानाच्या तासाला व्हावे, असे आम्हांला वाटते. त्यांत सरळ खोटे फारसे नसते. सांगायचे ते अर्धेच सांगितलेले असते.

आधी कृती पाहू. त्वचेला लहानशी छेद देऊन आत काही मिलिमीटर जाडीची पोकळ नळी घालतात आणि त्वचेखालची चरबी ओढून घेतात. १९७० च्या दशकात इटलीत फिशर आणि फ्रान्समध्ये इलूझ यांनी ही पद्धत रूढ केली. तेव्हा रक्तस्राव ही मोठी अडचण होती. १९८० च्या दशकात अमेरिकेतील त्वचारोगतज्ज्ञ जेफ्री क्लाइन यांनी मिठाच्या पाण्यात भूल देणारे लिडोकेन आणि रक्तवाहिन्या आकसवणारे अ‍ॅड्रेनॅलिन मिसळून ते आधी चरबीत भरायचे, अशी युक्ती काढली. रक्तस्राव पुष्कळ कमी झाला. बाटलीत जमते ती मात्र सगळी चरबी नसते, त्यात हे पाणीही असते. शिवाय एक लीटर चरबीचे वजन साधारण ९०० ग्रॅमच. जाहिरातीतले लीटर आणि काट्यावरचे किलो यांत एवढे अंतर आहे.

खरा प्रश्न पुढचा आहे. चरबी गेली, तर मधुमेह आणि हृदयविकाराचा धोकाही जातो का? अमेरिकेत सेंट लुइस येथे स्थूल अशा १५ स्त्रियांवर याची परीक्षा झाली. निष्कर्ष २००४ साली प्रसिद्ध झाले. प्रत्येकीची सरासरी ९ ते १० किलो चरबी काढली होती. दहा-बारा आठवड्यांनी पाहिले, तर इन्शुलिनचा प्रभाव, रक्तदाब, रक्तातील मेद यांत लक्षणीय सुधारणा नव्हती. आहार व व्यायामाने वजन उतरते तेव्हा उरलेल्या पेशीही आक्रसतात, यकृतातली आणि आतड्यांभोवतीची चरबीही घटते. नळी तिथे पोचतच नाही.

लासूरच्या मुलांना हे गोण्यांवरून सांगता येईल. वखारीतल्या काही गोण्या बाहेर काढल्या, पण माल येतच राहिला, तर तो उरलेल्या गोण्यांत ठासून भरला जाणार. कोलोरॅडोतील अभ्यासात (२०११) वर्षभरात नेमके हेच दिसले: मांड्या बारीकच राहिल्या, शरीरातली एकूण चरबी मात्र पूर्ववत झाली आणि ती पोटाकडे वाढली.

‘आधी-नंतर’च्या चित्रांनी आणखी एक समज पक्का होतो: सडपातळ म्हणजे निरोगी. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडचे डॉ. युडकिन यांचे एक छायाचित्र २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये आले. उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक दोघांचाही २२.३; शरीरातील चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. आमच्या मते शाळेत लावायचे चित्र हे आहे. वर्गातला किडकिडीत मुलगा आपल्याला काही होणार नाही असे समजतो, तेही तितकेच चूक.

शस्त्रक्रिया निरुपयोगी आहे, असे आम्ही म्हणत नाही. चरबीची गाठ काढायला, पुरुषांची वाढलेली छाती कमी करायला किंवा एखाद्या जागेचा हट्टी फुगवटा घालवायला ती उपयोगी पडते. पण ती आकाराची शस्त्रक्रिया आहे, वजनाची नव्हे. चरबीचा कण रक्तात जाऊन फुप्फुसात अडकणे, नळीने आतील इंद्रियास इजा होणे, लिडोकेनची विषबाधा, हे धोके विरळ असले तरी खरे आहेत. २०२२ साली बंगळुरूत अशाच चरबी काढण्याच्या शस्त्रक्रियेनंतर एका तरुण अभिनेत्रीचा मृत्यू झाला होता.

आता ती दोन छायाचित्रे पुन्हा फळ्याशेजारी लावावीत. दिव्याचा प्रकाश दोन्हींत सारखा आहे का? पोट आत ओढले आहे का? ‘नंतर’ म्हणजे किती दिवसांनी? ज्यांना गुण आला नाही त्यांची चित्रे कुठे आहेत? मुले उत्तरे शोधू लागली, की तासाची घंटा होईपर्यंत थांबत नाहीत.