स्वप्नातलं पावशेर तूप

भिवंडीला लागून असलेल्या राहनाळमध्ये आता भातखाचरांपेक्षा गोदामं अधिक दिसतात. तरी खळ्यावर भात मोजताना पाहिलेली माणसं अजून आहेत. एकानं पायली भरायची, दुसऱ्यानं हिशेब धरायचा आणि पहिल्या मापाला ‘एक’ न म्हणता ‘लाभ’ म्हणायचं. इथल्या एका सप्ताहात तुकोबांच्या स्वप्नाचा अभंग ऐकला तेव्हा मला तो खळ्यावरचा ‘लाभ’ ऐकू आला, आणि माझ्यासाठी तो अभंग कायमचा बदलला.

अभंग छोटा आहे. नामदेव पांडुरंगाला घेऊन येतात आणि तुकोबांना जागं करतात, तेही स्वप्नातच. झोप मोडत नाही, पण झोपेच्या आत कुणीतरी उठून बसतं. मग कवित्व करायचं काम सांगितलं जातं. काम, वरदान नव्हे. आणि लगेच मापाची भाषा येते: माप टाकायचं, मोजणीवर विठ्ठल उभा. मी तो चरण असाच वाचतो. विठ्ठल तुकोबांना थापटतो. आई थोपटते ती मूल निजावं म्हणून. इथे तोच हात भानावर आणतो. शेवटी आकडा येतो शंभर कोटी अभंगांचा, आणि त्यातलं जे उरलं ते तुकोबांनी पुरं करायचं.

हे उरलेलं कुणाचं? तुकोबांच्या तीनशे वर्षं आधीच्या नामदेवांचं. तुकोबांच्या घरी वाणसामानाचं दुकान आणि सावकारी होती. 1630 च्या सुमाराच्या दुष्काळात सगळं बुडालं, पहिली बायको अन्नावाचून गेली. पुढे त्यांनी आपल्या वाट्याची कर्जखतं इंद्रायणीत सोडली, असं परंपरा सांगते. ज्यानं लोकांकडची येणी पाण्यात सोडली, त्याच्या झोपेत दुसऱ्याची बाकी चालत आली आणि त्यानं ती अंगावर घेतली. दुकान मोडलं तरी मनातला तराजू हलत राहिला होता. झोपेतलं मन नवा माल आणत नाही, घरातलाच माल वेगळ्या पोत्यात भरतं, हे मला या अभंगात जितकं स्वच्छ दिसतं तितकं दुसरीकडे कुठे दिसत नाही.

इंग्रज कवी कोलरिजनं ‘कुब्ला खान’ ही कविता झोपेत सुचल्याचं लिहून ठेवलं आहे. जागा होऊन लिहीत असताना कुणी भेटायला आलं आणि पुढच्या ओळी विरून गेल्या. 1816 साली ती अपुरीच छापली गेली. कोलरिजला झोपेनं तयार ओळी दिल्या. तुकोबांना एकही ओळ मिळाली नाही, फक्त काम मिळालं. गाथेतले साडेचार हजारांच्या आसपास अभंग त्यानंतर जागेपणी, शब्दाशी झुंजून झाले. मला हे देणं मोठं वाटतं. ते विरून जात नाही.

तुकोबांचं दुसरं स्वप्न गुरूचं. माघ शुद्ध दशमी, गुरुवार. गंगास्नानाला जाताना वाटेत बाबाजी भेटतात, डोक्यावर हात ठेवतात, ‘रामकृष्णहरी’ मंत्र देतात. पुन्हा स्पर्श. हाच हात पुढे कोल्हापुरात संत बहिणाबाईंच्या स्वप्नात तुकोबांचा होऊन आला. तेव्हा तुकोबा देहूत हयात होते, आणि बहिणाबाईंनी त्यांना पाहिलंही नव्हतं.

पण गुरूच्या स्वप्नात माझा जीव अडकतो तो एका क्षुल्लक तपशिलात. गुरू जेवणासाठी तूप मागतात. किती? पावशेर. आयुष्यातल्या सर्वांत मोठ्या भेटीत वाण्याच्या मुलाला वजन नेमकं ऐकू येतं. आणि ते द्यायचं स्वप्नातच राहून जातं. काहीतरी आड आलं असावं, म्हणून गुरूंना जायची घाई झाली, अशी हळहळ तुकोबा करतात. दर्शनाचा दिमाख मांडणाऱ्यानं हा तपशील गाळला असता. तुकोबांनी तो अभंगात ठेवला. म्हणून मला ते स्वप्न खरं पडलेलं वाटतं: स्वप्नात आपण असेच काहीतरी आणायला निघतो, आणि हात रिकामे असतानाच डोळे उघडतात.