शोध, बदल आणि पाठ : संहितासंपादकाच्या आज्ञांची खानदेशी संहितांच्या संदर्भात चिकित्सा

मराठीत 'संपादन' हा शब्द दोन भिन्न कर्मांना लावला जातो. हस्तलिखितांची तुलना करून एखाद्या ग्रंथाचा विश्वसनीय पाठ सिद्ध करणे हे एक. आणि संगणकाच्या पडद्यावर अक्षरे घालणे, खोडणे, हलविणे हे दुसरे. या दोहोंमध्ये केवळ नामसादृश्य आहे असा समज आपल्या विभागांतून सर्वत्र आढळतो. वस्तुतः गेल्या काही वर्षांत पहिले कर्म दुसऱ्याच्या साधनांनी होऊ लागले आहे. जळगाव व धुळे जिल्ह्यांतील बोलींची गीते, म्हणी, कथा आणि जुन्या पोथ्या यांची टंकलिखिते करणारा विद्यार्थी प्रोग्रॅमरांसाठी घडविलेला टेक्स्ट एडिटर वापरतो. त्या एडिटरच्या आज्ञांत 'पाठ' या वस्तूविषयी एक विशिष्ट कल्पना गृहीत धरलेली असते. ती कल्पना कोणती आणि खानदेशातील संहितांना ती कितपत मानवते, एवढाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

या आज्ञांचे कूळ ठाऊक असणे उपयुक्त आहे. केन थॉम्प्सन याने १९६९ साली बेल प्रयोगशाळेत 'एड' हा एडिटर लिहिला. तो दूरमुद्रकावर चालावयाचा. पडदा नव्हता, कागदावर एका वेळी एक ओळ छापली जाई. म्हणून 'एड'च्या दृष्टीने ग्रंथ म्हणजे क्रमांक दिलेल्या ओळींची चळत. पुढे बिल जॉय याचा 'व्हीआय' (१९७६) आणि ब्रॅम मूलेनार याचा 'व्हिम' (१९९१) याच वंशात जन्मले. रिचर्ड स्टॉलमन याच्या नावाशी जोडलेला 'इमॅक्स' निराळ्या घराण्यातला. पण ओळ, शब्द आणि अक्षर ही त्रयी त्याच्याही बुडाशी आहे. ही तीनही एकके इंग्रजी टंकलेखनावरून घेतलेली आहेत. दूरमुद्रक गेला, तरी त्याची ओळ राहिली.

प्रथम सर्वांत प्रसिद्ध आज्ञा घेऊ. 'एस' या अक्षराने सुरू होणारी बदलाची आज्ञा 'जुने' आणि 'नवे' यांमध्ये तिरप्या रेघा ठेवून दिली जाते. शेवटी 'जी' हे शेपूट नसेल तर प्रत्येक ओळीतील केवळ पहिले स्थळ बदलते. ते लावले की ओळीतील सर्व स्थळे बदलतात. आरंभी शेकड्याचे चिन्ह घातले की आज्ञा संपूर्ण फाइलला लागू होते. अवघ्या दहाबारा खुणांत हजार ओळींचा पाठ पालटतो. जुन्या लेखनिकाला याची स्वप्नातही कल्पना आली नसती. आणि नेमके हेच सामर्थ्य बोलीच्या संहितेला घातक ठरू शकते.

लेवा गणबोलीत आणि अहिराणीत प्रमाण मराठीतील 'ळ' च्या जागी पुष्कळदा 'य' येतो, हे येथील वाचकांस सांगावयास नको. डोळा तो 'डोया', ओढाळ ते 'वढाय', धुळे ते 'धुये'. आता एखाद्या संशोधकाने तुलनेच्या सोयीसाठी बोलीरूपांची प्रमाणरूपे करावयाचे ठरविले आणि 'काया' चे 'काळा' करण्याची सरसकट आज्ञा दिली, असे समजा. बोलीतील 'काया' म्हणजे काळा, हे खरेच. परंतु भक्तिगीतांच्या परंपरेतून आलेली 'काया' म्हणजे देह, तीही त्याच गीतांत सुखाने नांदत असते. आज्ञेला दोहोंतील भेद कळण्याचा मार्ग नाही. त्याच नियमाने 'माळ' ची 'माय' होऊ शकते. आणि 'माय' म्हणजे आई, हा तर खानदेशी गीतांतील सर्वांत वहिवाटीचा शब्द. उलट दिशेची आज्ञा देऊन हे निस्तरता येत नाही. एकदा दोन 'काया' एकाच 'काळा' मध्ये मिसळल्या की मूळ कोणती ओळ कोठली होती हे बदललेल्या फाइलवरून सांगता येणार नाही.

बहिणाबाई चौधरी यांच्या गीतांच्या बाबतीत हा प्रश्न विशेष नाजूक आहे. बहिणाबाई निरक्षर होत्या. त्यांच्या हातची प्रत असणे शक्यच नव्हते. सोपानदेव आणि त्यांचे मावसभाऊ यांनी गीते उतरवून घेतली, आणि १९५१ मध्ये बहिणाबाईंचे निधन झाल्यावर १९५२ साली आचार्य अत्रे यांच्या प्रस्तावनेसह ती पुस्तकरूपाने आली. म्हणजे मुखातून कानात, कानातून कागदावर आणि कागदावरून खिळ्यांत, अशी तीन संक्रमणे पहिल्या मुद्रणापर्यंतच होऊन गेली होती. चौथे संक्रमण आता संगणकात होत आहे. पहिल्या तिघांत प्रत्येक शब्दाशी कोणी तरी माणूस थांबला होता. चौथ्यात तो थांबेलच असे नाही.

तथापि 'एस' आज्ञेलाच एक शेपूट असे आहे की ज्याचे आमच्या मते पाठचिकित्सेच्या दृष्टीने मोल मोठे आहे. ते म्हणजे 'सी', पुष्टीची खूण. ती लावली की व्हिम प्रत्येक स्थळी थांबून विचारतो : बदलू का? उत्तरे मोजकीच. होय, नाही, एवढे शेवटचे बदलून थांब, येथेच सोड, आणि उरलेली सर्व बदल. यातील पहिल्या दोन उत्तरांत संपादकाचा विवेक जागा असतो. पाचवे उत्तर कंटाळ्याचे आहे. चाळीस वेळा 'होय' म्हटल्यावर एकेचाळिसाव्या वेळी बोट त्या कळीकडे वळते. आणि भिन्नार्थी 'काया' बहुधा त्यानंतरच येते.

शोधाच्या आज्ञेविषयी तक्रार निराळी आहे. शोध पाठ पालटत नाही, म्हणून तो निरुपद्रवी वाटतो. परंतु संशोधनात 'आढळला नाही' हेही विधानच असते. देवनागरीत डोळ्यांना एक दिसणारा शब्द संगणकात दोन वा तीन प्रकारे साठविलेला असू शकतो. 'दऱ्या', 'वाऱ्यावर' यांतील अर्धा र घ्या. युनिकोडमध्ये तो ऱ या स्वतंत्र वर्णाला हलन्त जोडून लिहिता येतो. साध्या र ला हलन्त आणि त्यापुढे शून्य रुंदीचे जोडचिन्ह देऊनही तोच आकार उमटतो. शिवाय ऱ हा एकच संकेत, अथवा र व नुक्ता असे दोन संकेत, या रीतीही परस्परांशी समतुल्य मानल्या आहेत. 'अॅ'ची कथा तशीच : २००८ पर्यंत या स्वराला युनिकोडात स्वतंत्र संकेतच नव्हता, अ वर चंद्र देऊन काम भागविले जाई, आणि त्या काळी टंकलिखित झालेल्या फाइलींत तो तसाच आहे. शोधाची आज्ञा संकेत जुळवून पाहते, आकार नव्हे. एका हाताने टंकलिखित झालेल्या गीतसंग्रहात एक रीत, दुसऱ्याने केलेल्या संग्रहात दुसरी; मग दोहोंतील शब्दांची वारंवारता मोजून बोलीभेदाचा निष्कर्ष काढला, तर तो भेद भुसावळ आणि शिरपूर यांच्या बोलींचा नसून दोन टंकलेखकांच्या कळफलकांचा असण्याचा संभव आहे. प्रबंधातील कोष्टकावरून हे परीक्षकाला मुळीच ओळखता येणार नाही.

'शब्द' या एककाची अवस्था याहून बिकट आहे. पायथॉन भाषेतील 'आरई' हा शोधाचा अंगभूत संच 'शब्दातील वर्ण' या खुणेत व्यंजने व स्वर घेतो, पण काना, मात्रा, वेलांटी, हलन्त यांना वगळतो. परिणामी 'काया' हा एक शब्द न राहता 'क' आणि 'य' असे दोन तुकडे होतात. ज्या लिपीत स्वराचे चिन्ह व्यंजनाला चिकटून येते, तिच्यात स्वर म्हणजे शब्दाबाहेरची वस्तू, असा हा निवाडा! व्हिम व इमॅक्स या बाबतीत अधिक समंजस आहेत. पण त्यांनाही शब्दाची सीमा कळते ती मुख्यतः मोकळ्या जागेवरून व विरामचिन्हांवरून. येथे पोथ्यांचा प्रश्न उभा राहतो. धुळ्याला शंकर श्रीकृष्ण देव यांनी रामदासी वाङ्मयाच्या हस्तलिखितांचा जो संग्रह श्रीसमर्थ वाग्देवता मंदिरात केला, आणि ज्यांनी डोमगावच्या मठातील कल्याणस्वामींच्या हातची दासबोधाची प्रत मुद्रणात आणली, त्यांच्यापुढे शब्द तोडून लिहिलेली संहिता नव्हती. जुनी पोथी सलग लिहिली जाई. शब्द कोठे तुटतो हे ठरविणे हाच अर्थनिर्णय होता. सलग उतरविलेल्या पोथीवर 'पुढील शब्दाकडे' ही आज्ञा दिली तर चिन्ह दंडापर्यंत सरळ उडी मारते. आणि खरे पाहता ती उडी प्रामाणिक आहे, कारण पदच्छेद संपादकाने अजून केलेलाच नाही. टंकलेखक मात्र सवयीने मोकळी जागा सोडत जातो आणि नकळत भाष्यकार बनतो.

अक्षरांचा आकार लहानमोठा करण्याच्या आज्ञा मराठीत निरुद्योगी आहेत. इमॅक्सने त्यांसाठी तीन कळजोड्या अडवून ठेवल्या आहेत. अहिराणीच्या अभ्यासकाने त्या खुशाल दुसऱ्या कामी लावाव्यात. क्रमाने लावण्याच्या आज्ञेबद्दल एवढेच की ती संकेतांच्या क्रमाने चालते. त्यामुळे 'ळ' हा 'ल'च्या लगेच मागे आणि 'व'च्या पुढे येतो, 'ह'नंतर नाही. ळ-य विनिमयाच्या अभ्यासकाची शब्दसूची याच जागी विस्कटावी, हा योगायोग गमतीचा आहे.

आता मांडणीच्या आज्ञा. परिच्छेद 'भरण्याची' आज्ञा, इमॅक्समध्ये मेटा-क्यू व व्हिममध्ये जीक्यू, लागोपाठच्या ओळी एकत्र करून ठरावीक रुंदीला पुन्हा तोडते. इमॅक्समध्ये ही रुंदी मुळात ७० स्तंभांची धरलेली असते. गद्याला ही सोय चांगली. पद्याला ती विध्वंसक आहे, कारण पद्यात ओळ कोठे संपते हा मजकुराचाच भाग असतो. ओवीचे एक बरे की तिच्या शेवटी दंड आणि क्रमांक असतात. ओळी मिसळल्या तरी त्या खुणांवरून ओव्या पुन्हा सुट्या करता येतील, चरण मात्र कानानेच लावावे लागतील. जात्यावरच्या गीतांच्या टंकलिखितात दंडही नसतात. दोन कडव्यांच्या मध्ये कोरी ओळ ठेवावयाची राहून गेली असेल आणि त्यावर भरण्याची आज्ञा चालली, तर कडवे कोठे सरते हे फाइलीत कोठेच शिल्लक राहत नाही. गद्य आणि पद्य एकाच फाइलीत ठेवण्याची रीत आमच्या विद्यार्थ्यांनी यासाठी तरी सोडावी.

या सर्वांत आम्हांस खरोखर विद्वत्तेच्या योग्यतेची वाटते ती तुलनेची आज्ञा, 'डिफ'. हंट व मॅकिलरॉय यांनी १९७६ मध्ये तिचे गणित मांडले : दोन फाइलींतील समान ओळींची दीर्घतम मालिका शोधावयाची, आणि उरलेले ते अंतर. पाठभेद नोंदविण्याच्या कामाशी याचे साम्य उघड आहे. पुण्यास भांडारकर संस्थेत महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीसाठी विद्वानांनी प्रतींतील श्लोकांची तुलना तक्त्यांवर हातांनी केली. ते काम १९१९ पासून १९६६ पर्यंत चालले. डिफ तुलनेचा भाग क्षणात करते. परंतु कोणता पाठ मूळ आणि कोणता प्रक्षिप्त याविषयी ती मौन पाळते. तिच्या लेखी एक फाइल 'जुनी' असते ती केवळ आज्ञेत तिचे नाव आधी आले म्हणून. हे मौन दोष नव्हे. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, तेव्हा त्यांच्यापुढे किती प्रती होत्या आणि कोणत्या ठिकाणी कोणता पाठ त्यांनी नाकारला, याची नोंद आपल्या हाती आलेली नाही. निर्णय आहे, पण अंतर हरवले आहे. डिफचे उलट आहे. अंतर सर्व आहे, निर्णय एकही नाही. त्यातही ओळ हेच एकक असल्याने एका वेलांटीचा फरक आणि अख्खा चरण पालटल्याचा फरक तिच्या लेखी सारखाच भरतो. ळ-य चा प्रत्येक विनिमय असा मोजला तर लेवा गणबोलीच्या गीताची प्रमाणित प्रत मूळापासून जवळजवळ पूर्ण भिन्न ठरेल.

ज्यांच्या नावे धुळ्यास १९२७ साली संशोधन मंडळ स्थापन झाले, त्या वि. का. राजवाडे यांनी १९०९ मध्ये ज्ञानेश्वरी छापली ती जुन्या रूपांसह. वाचकाला ओळखीची वाटणारी रूपे त्यांनी घातली नाहीत, आणि त्याच जुन्या रूपांच्या आधारावर त्या भाषेचे व्याकरण लिहिले. रूपे आधी सुधारली असती तर व्याकरणाला सामग्रीच उरली नसती. त्यांची प्रत कितपत जुनी यावर वाद झाला. पण वाद घालणाऱ्यांना पाठ जसाच्या तसा उपलब्ध होता, म्हणून तो घालता आला.

आजच्या एडिटरांत केलेले मागे घेण्याची सोय असते. व्हिमने २००६ पासून ती वृक्षासारखी ठेवली आहे. एका फांदीवरून मागे येऊन दुसरी धरली तरी पहिली नाहीशी होत नाही. मात्र स्वतंत्र व्यवस्था न केल्यास फाइल बंद होताच हा वृक्ष संपतो. अधिक टिकाऊ मार्ग 'एड'च्याच दुसऱ्या वंशजाने, 'सेड'ने, १९७० च्या दशकात दाखविला. सेड बदलाच्या आज्ञा वेगळ्या फाइलीतून वाचतो, मूळ संहितेवरून नवी प्रत तयार करतो आणि, मुद्दाम सांगितल्याखेरीज, मूळ फाइलीला हात लावीत नाही. त्या आज्ञांची फाइल म्हणजे आपल्या ग्रंथांच्या शेवटी जोडले जाणारे शुद्धिपत्रच. फरक इतकाच की हे शुद्धिपत्र चालते, आणि काढून घेतले की मूळ पाठ जागच्या जागी असतो. बोलीसंहितेवर प्रबंध सादर करणाऱ्याने जशी उतरविली तशी प्रत आणि ही आज्ञांची फाइल, अशी दोन्ही परिशिष्टात जोडावीत. 'डोया' चे 'डोळा' करणारी आज्ञा तीत एका ओळीची, सरसकट असली तरी चालेल. 'काया' साठी मात्र ज्या ज्या ओळीत तिचा अर्थ काळा असा लागला, त्या प्रत्येक ओळीच्या क्रमांकासह स्वतंत्र आज्ञा तीत लिहिलेली असावी.